गुरं गेली, माग थांबले, उरला दाखला

नागपुरात दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्याचं मूळ 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात आहे. विदर्भाने मराठी राज्यात सामील व्हायचं, त्या बदल्यात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा मिळायच्या, शिवाय सरकारने वर्षातला काही काळ नागपुरात मुक्काम करायचा, असं त्यात ठरलं. निधीच्या वचनाचं काय झालं, ते 1984 मध्ये वि. म. दांडेकर समितीच्या अहवालाने सांगितलं. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपयांचा निघाला आणि त्यातले सुमारे 1,246 कोटी एकट्या विदर्भाचे होते. सरकारचा मुक्काम इथे असतो, म्हणून ज्याला ज्याला त्याच्याकडे काही मागायचं असतं, तो थंडीच्या दिवसांत नागपूर गाठतो. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात, अंगणवाडी सेविका येतात, आणि आपल्या जातीचं यादीतलं स्थान बदलून मागणारे समाज येतात.

23 नोव्हेंबर 1994 रोजी असाच गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळकडची माणसं बायकापोरांसह आली होती. आम्हाला अनुसूचित जमातीत धरा, ही त्यांची मागणी. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवला गेला. कुणी मंत्री येऊन निवेदन घेईल या आशेवर लोक तासन् तास बसून राहिले. संध्याकाळी गर्दी हलली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं मेली. त्यांत बहुतेक बाया आणि मुलं होती. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पुढे झीरो माईलजवळ स्मारक उभं राहिलं, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला शहीद गोवारींचं नाव मिळालं.

गुरं राखणाऱ्या समाजाला आपण आदिवासी आहोत हे सरकारदरबारी सिद्ध करण्यासाठी जीव का द्यावा लागला? या एका प्रश्नाचा माग काढत गेलं, की गरीब देशांत गरिबी का हटत नाही आणि जमातीजमातींत तेढ का माजते, या दोन्ही गोष्टींचा बराच उलगडा होतो.

सर्वसाधारण समजूत अशी, की जिथे नाना जाती, नाना धर्म आणि भाषा असतात तिथे भांडणं व्हायचीच. संशोधनाचा कौल वेगळा आहे. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या दोन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी 1945 ते 1999 या काळातली 127 यादवी युद्धं तपासली आणि 2003 मध्ये निष्कर्ष मांडले. देशाची गरिबी हिशेबात धरली, की समाजात किती वांशिक गट आहेत यावरून यादवीचा अंदाज बांधता येत नाही, असं त्यांना दिसलं. अंदाज बांधता येतो तो गरिबी, दुबळं सरकार आणि दडून लढायला सोयीचा दुर्गम मुलूख यांवरून. सोमालियात भाषा एक, धर्म एक, आणि तरी 1991 नंतर तो देश कोसळला. मॉरिशसमध्ये भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी आणि आफ्रिकी वंशाचे लोक एका छोट्या बेटावर नांदतात, आणि तो देश आफ्रिकेतल्या सुस्थित देशांत मोडतो.

वेगळेपणाने भांडण लागत नसेल, तर मग ते लागतं कशाने? याचं उत्तर विदर्भात दोन धंद्यांच्या कहाणीत सापडतं.

पहिला धंदा गुरं राखण्याचा. पूर्व विदर्भात गावच्या गुराख्याला गायकी म्हणतात. सकाळी गावची गुरं आखरावर जमायची, तिथून गायकी ती रानात न्यायचा आणि दिवस मावळता परत आणायचा. मोबदला म्हणजे वर्षाकाठी जनावरामागे ठरलेलं धान्य. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असायचं. गुरं सजवायची, गोवारी ढाल घेऊन नाचायचे आणि त्या दिवशी गावात त्यांचा मान मोठा असायचा. मात्र जमीन त्यांच्याकडे फारशी कधी नव्हतीच. मालगुजारी पद्धतीत इंग्रजांनी गावाची मालकी मालगुजाराला दिली, कुळांना वहिवाट मिळाली. गुराख्याच्या वाट्याला राहिला तो केवळ चराईचा वापर, निस्तार. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलं आखली गेली तशी ती चराईही आकसली. स्वातंत्र्यानंतर गायरानांवर अतिक्रमणं झाली, ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. गावाला गायकीची गरज उरली नाही, आणि ज्याच्याकडे सातबारा नाही त्याला गावात मजुरीशिवाय दुसरं काही उरलं नाही.

दुसरा धंदा विणकरीचा. भोसल्यांच्या काळात नागपूरचं लुगडं आणि रेशीमकाठी धोतर नावाजलेलं होतं. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं आणि दरबाराचं गिऱ्हाईक संपलं. 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस तिने बाहेर नेला आणि गिरणीचं कापड आत आणलं. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमागाने तरीही तग धरला. सूत गिरणीचं आणि विणकाम घरचं, अशी सांगड घालून पाचपावली, तांडापेठ, नाईक तलाव, गोळीबार चौक या वस्त्यांनी आणखी शंभर वर्षं काढली. या मोहल्ल्यांत अख्खं घर मागाला जुंपलेलं असायचं. पहाटे गल्लीत ताणी पसरून तिला पांजण करायची, म्हणजे खळ लावून सूत ताठ करायचं. बायांनी, पोरींनी रहाटावर कांड्या भरायच्या. पुरुषाने मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा मारायचा. शाळा सुटली की पोरगा आधी कांड्यांना बसायचा, अभ्यास मग.

यंत्रमाग आला आणि हे गणित पार मोडलं. तेच काठ, तीच नक्षी यंत्रमागावर निम्म्याहून कमी मजुरीत निघू लागली. 1976 पासून केंद्राच्या जनता कापड योजनेने काही वर्षं हातांना काम दिलं, पण ते जाड्याभरड्या, स्वस्त साड्या-धोतरांचं काम होतं. ज्यांच्या आजोबांनी रेशीमकाठ विणले होते, त्यांची बोटं त्यात हळूहळू कसब विसरली. पुढे ती योजनाही गुंडाळली गेली. एम्प्रेस मिल टाटांच्या हातून सरकारी महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. म्हणजे माग सोडून गिरणीत जायची वाटही बुजली.

आपल्या समाजात धंदा जातीला बांधलेला होता, त्यामुळे धंदा बुडतो तेव्हा एकटादुकटा माणूस बुडत नाही, अख्खी जात एकाच पिढीत बुडते. नात्यातला मामा, सोयरा, शेजारी, सगळे एकाच वेळी डबघाईला आलेले असतात. उसनं द्यायला कुणी नसतं, नव्या धंद्यात शिरकाव करून द्यायलाही कुणी नसतं. मुलाची शाळा सुटते, त्याला त्याच्या बापासारखंच अंगमेहनतीचं काम मिळतं आणि पुढची पिढी तिथेच अडकते. अशा माणसाला आपली गरिबी ही आपल्या समाजाची गरिबी वाटते, आणि त्याचं हे वाटणं खरं असतं. फ्रान्सिस स्ट्युअर्ट या ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हेच जगभरच्या उदाहरणांवरून मांडलं आहे. माणसामाणसांतल्या विषमतेपेक्षा गटागटांतली विषमता स्फोटक ठरते, कारण तिथे दुःखाला आधीच तयार झेंडा असतो.

त्यातून सरकारने मदतीचा दरवाजा जातीच्या यादीतूनच उघडला. अनुसूचित जमातींची यादी 1950 मध्ये निघाली आणि 1956 मध्ये सुधारली. विदर्भापुरती तिला तालुक्यांची हद्द होती. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांत राहणाऱ्यालाच ती लागू होई. गोंड माणूस सिरोंच्यात आदिवासी आणि नागपूर शहरात आला की नाही, असा तो प्रकार होता. हा अन्याय दूर करण्यासाठी संसदेने 1976 मध्ये कायदा करून ही क्षेत्रमर्यादा उठवली. हेतू चांगला होता, आणि तो पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या खऱ्या आदिवासीच्या उपयोगी पडलाही. पण त्याच क्षणी यादीतल्या नावांशी मिळतंजुळतं नाव असलेल्या, तालुक्यांच्या हद्दीबाहेरच्या समाजांनाही दरवाजा दिसू लागला. 19 व्या नोंदीत हलबा, हलबी आहे. नागपूरच्या विणकरांत स्वतःला हलबा कोष्टी म्हणवणारा मोठा समाज आहे. 18 व्या नोंदीत गोंडांच्या लांबलचक पोटनावांत गोंड गोवारी आहे. गावोगावचे गुराखी गोवारी आहेत. माग थांबले, गुरं गेली, ती नेमकी याच दशकांत.

यानंतरची लढाई झाली ती कागदांची. जमातीचा दावा तपासणारी समिती घराण्याचे जुने पुरावे मागते. आजोबांचं नाव शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात कोणत्या जातीने लागलं होतं, कोतवाल पंजीत जन्ममृत्यूच्या नोंदीपुढे काय लिहिलं होतं, 1950 पूर्वीचं काही सापडतं का, हे बघितलं जातं. कुठे मास्तरांनी धंदा बघून कोष्टी लिहिलेलं असतं, कुठे घरच्यांनी सांगितलं म्हणून हलबा. दक्षता पथक येऊन कुळ, देव, लग्नाच्या रीती विचारतं. रसेल आणि हिरालाल यांचा 1916 चा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडी ग्रंथ वकील उघडतात. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेल्या त्या वर्णनांवर शंभर वर्षांनंतर एखाद्याची नोकरी राहणार की जाणार हे ठरावं, ही मला फार गंभीर गोष्ट वाटते. रवांडात बेल्जियमच्या अंमलाने 1930 च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा असे शिक्के मारले. तोवर काहीशी सैल असलेली ओळख त्या शिक्क्यांनी घट्ट झाली. 1989 नंतर कॉफीचे भाव कोसळले, जमिनीचे तुकडे आधीच पोटापुरते उरले नव्हते, आणि 1994 च्या नरसंहारात तेच ओळखपत्र मरणाचा परवाना ठरलं. रवांडाच्या त्या भीषणतेपासून नागपूर पुष्कळ दूर आहे, ते का याकडे पुढे येतो.

न्यायालयांचे निकाल तीन समाजांसाठी तीन तऱ्हेचे लागले. हलबा कोष्टींच्या बाबतीत 28 नोव्हेंबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की यादीत जे लिहिलं आहे तेच वाचायचं, त्यात नवं नाव घालण्याचा अधिकार संसदेचा. प्रकरण एका वैद्यकीय विद्यार्थ्याचं होतं. त्याचा प्रवेश 1985-86 सालचा, त्यामुळे त्याची पदवी मात्र न्यायालयाने राखली. पुढे 6 जुलै 2017 च्या निकालाने, दावा अवैध ठरला तर नोकरीला संरक्षण नाही, हे पक्कं झालं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेली माणसं अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या तात्पुरत्या पदांवर गेली. माना समाजाचा दावा मात्र 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, कारण माना हे नाव त्याच 18 व्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं होतं. गोवारींना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 14 ऑगस्ट 2018 रोजी न्याय दिला आणि 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मधल्या काळात ज्यांना प्रवेश किंवा नोकरी मिळाली, त्यांचा लाभ राहिला. म्हणजे एकाच घरातल्या मोठ्या बहिणीला तो मिळालेला असू शकतो आणि दोन वर्षांनी बारावी झालेल्या धाकटीला नाही. 1995 पासून गोवारी आणि कोष्टी हे समाज विशेष मागास प्रवर्गात आहेत, आरक्षण 2 टक्के, वाटेकरी अनेक.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच आस्थेने ऐकायला हवी. भामरागडचा माडिया किंवा मेळघाटातला कोरकू मुलगा आश्रमशाळेतून कसाबसा दहावी होतो. नागपुरातल्या विणकराचा मुलगाही गरीबच, पण त्याच्या घराजवळ शाळा, कॉलेज, शिकवणी, ग्रंथालय सगळं असतं. अनुसूचित जमातीच्या 7 टक्क्यांत हे दोघं एकमेकांसमोर आले तर निकाल आधीच ठरलेला. आदिवासी संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या, की आमच्या जागा दुसऱ्यांनी घेतल्या. त्यांच्या आंदोलनांत बळकावलेल्या 12,500 पदांचा आकडा सतत येतो. 4 ऑक्टोबर 2024 रोजी, धनगरांना जमातीत घेण्याच्या मागणीविरोधात, विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उडी मारली. सत्तेत बसलेल्या आदिवासी नेत्यालाही इतकं असुरक्षित वाटत असेल, तर गडचिरोलीच्या पोराला काय वाटत असेल याचा विचार करावा.

दोन्ही बाजू गरीब आहेत आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. भांडणाची धार ठरते ती रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आयुष्यात किती अंतर आहे यावरून. सरकारी शिपायाची नोकरी म्हणजे पगार, पेन्शन, दवाखाना, मुलीच्या लग्नाला कर्ज. ती नाही तर रोजंदारी. मधलं काही नाही. बाहेर बऱ्या पगाराची खासगी कामं मुबलक असती, तर दाखल्यासाठी कुणी तीन पिढ्यांची रजिस्टरं धुंडाळली नसती. मणिपुरातही ठिणगी याच यादीवरून पडली. मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा देण्याबाबत शिफारस करा, असं तिथल्या उच्च न्यायालयाने 27 मार्च 2023 च्या आदेशात राज्य सरकारला सांगितलं. 3 मे रोजी डोंगरी जमातींनी विरोधात मोर्चे काढले, आणि त्यानंतरच्या हिंसाचारात अडीचशेच्या वर माणसं मेली, साठ हजारांच्या आसपास लोक घरादाराला मुकले. तिथे डोंगरातल्या जमिनीचा प्रश्न होता, हत्यारं होती, सरकारवरचा विश्वास उडालेला होता. विदर्भात या तिन्ही गोष्टी त्या रूपात नव्हत्या. गोंड, गोवारी, कोष्टी इथे एकमेकांच्या अंगावर गेले नाहीत. ते समितीपुढे, खंडपीठापुढे आणि अधिवेशनावर गेले. त्या 114 जणांचा जीव शेजारच्या जमातीने घेतला नाही, गर्दी सांभाळता न आलेल्या व्यवस्थेत तो गेला. न्यायालयाचे खेटे माणसाला पिळून काढतात, तरी त्यांनीच हा वाद रक्तापासून बराचसा दूर ठेवला, हे मान्य करायला हवं.

मलेशियाने 13 मे 1969 च्या दंगलींनंतर वेगळी वाट धरली. 1971 च्या नव्या आर्थिक धोरणात मलय लोकांना राखीव जागा दिल्या, पण त्याच धोरणाचं पहिलं उद्दिष्ट कुठल्याही वंशाच्या माणसाची गरिबी हटवणं हे होतं, आणि कारखाने, निर्यात, रबर आणि पाम तेलाच्या जोरावर अर्थव्यवस्था झपाट्याने वाढत होती. 1970 मध्ये द्वीपकल्पीय मलेशियातली जवळपास निम्मी कुटुंबं गरीब होती. 1990 च्या सुमारास देशातलं प्रमाण 17 टक्क्यांच्या आसपास आलं. चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांची राखीव जागांबद्दलची तक्रार आजही आहे. तरी कामं वाढत होती, म्हणून एकाला दिलेलं दुसऱ्याच्या तोंडातून काढल्यासारखं झालं नाही.

माझं मत असं, की गोवारी आणि विणकर यांना भरपाई हवी ती त्यांचा धंदा मेला म्हणून, आणि त्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या नोंदीत शिरावं लागू नये. तसे कायदे हाताशी आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे, आणि सामूहिक वनहक्क ग्रामसभेचा असतो, त्यात गावातले सगळे येतात. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि 2011 पासून तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जो गोवारी जंगलावर जगत आला, त्याला इतर पारंपरिक वननिवासी म्हणून गोंड असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. अट आहे ती 75 वर्षांच्या वास्तव्याची, आणि भूमिहीन माणसाला तो पुरावा जुळवणं फार जड जातं. तिथे ग्रामसभेतल्या म्हाताऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून कायद्याच्या नियमांनाच चालते, तर अधिकाऱ्यांनी ती मानायला हवी. विणकरांसाठी 1985 चा हातमाग आरक्षण कायदा आहे. त्यात सुरुवातीला 22 प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलं होतं, पुढे ती यादी 11 वर आली. त्या 11 प्रकारांची यंत्रमागावरची नक्कल बाजारात उजळ माथ्याने विकली जाते. नागपूर जिल्ह्यात या कायद्याखाली दरवर्षी किती धाडी पडतात आणि किती खटले भरले जातात, हे पुढच्या हिवाळी अधिवेशनात आमदारांनी सरकारला विचारावं.